गुरू मावळला म्हणजे नक्की गेला कुठे?

मार्च २०२६ च्या अंकात मी शेवटी सहज एक ओळ टाकली होती की संध्याकाळी पश्चिमेला शुक्राची चांदणी परत दिसायला लागली आहे, जमलं तर बघा. त्या एका ओळीवर जेवढे मेल आलेत तेवढे अख्ख्या वर्षात कुठल्या लेखावर आले नव्हते, दोन तर चक्क पोस्टकार्डं आहेत. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, ती म्हणजे ग्रह आणि सूर्य यांच्यातलं अंतर कमीजास्त होतं म्हणजे नेमकं काय होतं. म्हणून यावेळचं सदर सगळं त्याच्यावरच.

सांगलीहून एक वाचक ताई लिहितात: मुलाचं लग्न काढलंय. गुरुजी म्हणतात आता अधिक ज्येष्ठ, मग चातुर्मास, त्यात जुलैत गुरूचा अस्त, त्यामुळे दिवाळीनंतरचंच बघा. पण मी तर रोज संध्याकाळी गच्चीवरून गुरू बघते, चांगला ठळक दिसतो आणि रात्री मावळतो. रोजच मावळतो तर हा वेगळा अस्त कसला? आणि शुक्राचा अस्त कधी आठ-दहा दिवसांचा असतो तर कधी दीड-दोन महिन्यांचा, असं का?

ताई, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलात. रोजचं मावळणं हे पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याचं, त्याच्याशी पंचांगातल्या अस्ताचा काही संबंध नाही. पंचांगातला अस्त म्हणजे ग्रह सूर्याच्या इतका जवळ जातो की त्याच्या उजेडात दिसेनासाच होतो. तो असतो दिवसभर आकाशात, सूर्याबरोबरच उगवतो, सूर्याबरोबरच मावळतो, पण दिसणार कसा.

आता तो सूर्याजवळ जातो म्हणजे कोण कोणाकडे जातं, इथे खरी गंमत आहे, आणि ती समजायला आपल्याकडच्या शेतकऱ्याला काहीच शिकवायला लागत नाही. मृग लागलं, आर्द्रा लागल्या, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस हे आपण म्हणतो म्हणजे काय म्हणतो? सूर्य त्या त्या नक्षत्रात पोचला असं म्हणतो. एक नक्षत्र साधारण सव्वातेरा अंशांचं, आणि सूर्याला ते ओलांडायला तेरा-चौदा दिवस लागतात, म्हणजे सूर्य ताऱ्यांमधून रोज साधारण एक अंश पूर्वेकडे सरकतो. (खरं तर पृथ्वी सरकते, पण आपण गच्चीवरून बघतोय, तेव्हा गच्चीवरची भाषा.) हा रोजचा एक अंश डोक्यात पक्का बसवा, बाकी सगळं त्यातूनच सुटतं.

गुरू सध्या पुनर्वसूच्या त्या दोन जोडताऱ्यांजवळ आहे. तोही पूर्वेकडेच सरकतोय पण फार सावकाश, या दिवसांत रोज जेमतेम पाव अंशाच्या आतच. म्हणजे पुढे आपला गुरू रमतगमत चाललाय आणि मागून सूर्य चौपट वेगाने येतोय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुनर्वसूत येतो, २० जुलैच्या आसपास पुष्य लागतं म्हणजे आपला म्हातारा पाऊस, आणि त्या म्हाताऱ्या पावसात २९ जुलैला सूर्य गुरूला गाठतो. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात प्रत्येक ग्रहाचे दिसेनासे होण्याचे अंश दिलेत, गुरूला ११. म्हणजे अलीकडचे अकरा आणि पलीकडचे अकरा असे बावीस अंश सूर्याने तोडायचे, दिवसाला पाऊण अंश या हिशोबाने बावीस भागिले पाऊण करा, महिनाभर होतो. झाला तुमचा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा अस्त, गुरुजींनी काही वाढवून सांगितलेलं नाही.

आणि एक बघा, गुरूला नेहमी सूर्यच गाठतो, गुरू कधी सूर्याला गाठत नाही. म्हणून गुरूचा अस्त कायम पश्चिमेला संध्याकाळी होतो आणि उदय कायम पूर्वेला पहाटे. शनी, मंगळ यांचंही तेच. जुनी पंचांगं घरात असतील तर काढून बघा, कितीही वर्षं मागे जा, एकही अपवाद सापडायचा नाही.

शुक्राचं मात्र वेगळं. तो आपल्या आतल्या कक्षेत, सूर्यापासून सत्तेचाळीस अंशांच्या पुढे तो जातच नाही, दाव्याला बांधलेल्या वासरासारखा इकडे-तिकडे. तो सूर्याच्या पलीकडून जातो तेव्हा स्वतः रोज सव्वा अंश चालतो आणि सूर्य एक अंश, म्हणजे तो सूर्याला मागून गाठतो पण फरक दिवसाला फक्त पाव अंशाचा, त्यामुळे गाठायला आणि सोडून जायला दोन महिनेसुद्धा लागतात. ६ जानेवारीला झालं ते हेच, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत शुक्र गायब होता ते आठवत असेल. उलट तो जेव्हा आपल्या आणि सूर्याच्या मधून जातो तेव्हा वक्री असतो, म्हणजे सूर्य येतोय समोरून आणि शुक्र जातोय उलटा, दोघांचे वेग एकत्र होऊन दिवसाला दीड अंशाच्या वर फरक पडतो, आठ-दहा दिवसांत सगळं आटपतं. तसा छोटा अस्त या वर्षी २४ ऑक्टोबरच्या मागेपुढे आहे, दिवाळीच्या आत उरकतो, तेव्हा तुमच्या कार्याला त्याची आडकाठी नाही. मुहूर्त बघायचा की नाही हा मात्र तुमचा आणि व्याह्यांचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. अधिक महिन्यामुळे कार्यालयं रिकामी आहेत आणि भाडं कमी करून मिळतंय असं ऐकतो, तेवढं फक्त सांगून ठेवतो.

नाशिकहून नववीतला एक विद्यार्थी: सर, ग्रह वक्री होतो म्हणजे खरंच उलटा फिरतो का? आमच्या क्लासमध्ये एकजण म्हणाला तो थांबतो आणि रिव्हर्स घेतो.

रिव्हर्स कोणीच घेत नाही रे. तू वारीतलं गोल रिंगण बघितलंयस ना, निदान टीव्हीवर? पालखी मधोमध, भोवती धावायचा गोल, बाहेर कडेने बघणाऱ्यांची गर्दी. आता समज धावायचे दोन पट्टे आखलेत. आतल्या पट्ट्यात तू धावतोयस, बाहेरच्या पट्ट्यात एक विणेकरी काका त्यांच्या चालीने, तुझ्यापेक्षा हळू. पालखी म्हणजे सूर्य, तू म्हणजे पृथ्वी, काका म्हणजे मंगळ आणि कडेची गर्दी म्हणजे तारे. तू काकांच्या मागून येऊन त्यांना ओलांडून पुढे जातोस त्या वेळी नजर त्यांच्यावर ठेव आणि त्यांच्या मागे गर्दीतलं कोण दिसतं ते बघ. आधी काकांच्या मागे लाल फेटेवाला होता, ओलांडताना त्याच्याही मागचा टोपीवाला दिसायला लागतो, म्हणजे काका गर्दीच्या मानाने मागे चाललेत असं वाटतं. काका तर पुढेच धावतायत! तू बराच पुढे निघून वळलास की परत ते सरळ चाललेले दिसतात. ते उलटं दिसणं म्हणजे वक्री, परत सरळ दिसणं म्हणजे मार्गी, आणि मधे एकदोन दिवस जागचा हलत नाही असा वाटतो त्याला पंचांगात स्तंभी म्हणतात.

मागच्या वेळी मंगळाने हे अगदी सोयीच्या जागी केलं होतं. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तो पुष्याकडे स्तंभी झाला, मग उलटा पुनर्वसूकडे, १६ जानेवारी २०२५ ला सूर्याच्या बरोब्बर समोर (म्हणजे एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला तो, मधे आपण), आणि त्या आठवड्यात पुनर्वसूचे दोन तारे आणि हा तांबडा तिसरा अशी जवळजवळ एका रेषेत तिघांची रांग लागली होती. २४ फेब्रुवारीला मार्गी. आता पुढची संधी फेब्रुवारी २०२७ मध्ये, १९ तारखेला तो परत समोर येतो. दोन्हींत दोन वर्षांहून महिनाभर जास्त अंतर आहे, कारण पृथ्वीला मंगळाला परत गाठायला साधारण ७८० दिवस लागतात.

आणि एक गोष्ट लक्षात ठेव, परीक्षेत येणार नाही पण उपयोगी आहे. मंगळ, गुरू, शनी हे फक्त सूर्याच्या समोरच्या बाजूला असतानाच वक्री असतात, कारण आपण त्यांना ओलांडतो ते तेव्हाच. म्हणजे पंचांगात "गुरू वक्री" वाचलंस की न बघता सांगता येतं की गुरू मध्यरात्रीच्या आसपास आकाशात चांगला वर असणार, आणि तेव्हाच तो सगळ्यात तेजस्वी असतो. वक्री ग्रहाला लोक एवढे का घाबरतात देव जाणे, दुर्बीण असलेला माणूस तर त्याची वाट बघत बसतो.

ठाण्याहून एक वाचक, आयटीत आहेत: मी रात्रीच्या शिफ्टला असताना सोहो यानाचे सूर्याचे लाईव्ह फोटो उघडून ठेवतो. जानेवारीत सूर्याजवळ कडी असलेल्या तबकड्या दिसत होत्या, आणि त्या एकमेकांच्या विरुद्ध दिशेने चालल्या होत्या! ऑफिसात यावर बरीच चर्चा झाली.

चर्चेचा सूर काय असेल त्याची कल्पना आहे. कडी वगैरे काही नाही. ग्रह एवढा तेजस्वी असतो की कॅमेऱ्याच्या चिपवर त्याचा उजेड मावत नाही आणि आजूबाजूच्या आडव्या ओळीत सांडतो, कपात चहा जास्त झाला की बशीत उतरतो तसा. तीच ती आडवी रेघ.

पण विरुद्ध दिशेचं तुम्ही जे टिपलंत ते मला फार आवडलं. हे यान डिसेंबर १९९५ मध्ये सोडलं, आपल्यापासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवर असतं, आणि त्याच्यातला एक कॅमेरा सूर्यावर तबकडी झाकून आजूबाजूचं बघतो, दोन्ही बाजूंना साधारण आठ-आठ अंश. म्हणजे सांगलीच्या ताईंचे अस्ताचे जे अंश आहेत ना, जिथे आपल्याला काही दिसूच शकत नाही, बरोबर तोच तुकडा या चित्रात दिसतो. अस्त झालेला ग्रह बघायचा असेल तर ही जागा.

चित्रात सूर्य मधोमध बांधून ठेवलेला असतो, उत्तर वर, पूर्व डावीकडे. सूर्य खरा डावीकडे सरकतोय पण त्याला तर आपण मधे धरून ठेवलाय, म्हणून मागचे तारे रोज एक अंश उजवीकडे जाताना दिसतात. मंगळ, गुरू, शनी सूर्यापेक्षा हळू म्हणून तेही डावीकडून येऊन उजवीकडे बाहेर. शुक्र पलीकडून जात असेल तर सूर्यापेक्षा जोरात, म्हणून तो उजवीकडून येतो आणि डावीकडे जातो. या जानेवारीत ६ तारखेला शुक्राची आणि ९ तारखेला मंगळाची सूर्याशी युती होती, तीन दिवसांच्या फरकाने. एक उजवीकडून आला, एक डावीकडून, दोघं सूर्याच्या अगदी शेजारी एकमेकांना क्रॉस झाले. वर २१ तारखेला बुधही उजवीकडून येऊन सूर्याच्या पलीकडून गेला, त्याचा वेग शुक्राहून कितीतरी जास्त. पृथ्वीवरच्या एकाही माणसाला हे नुसत्या डोळ्यांनी दिसलं नाही, आणि तुम्ही शिफ्टमध्ये चहा पीत बघितलंत.

मंगळाचं अजून एक. तो त्या सुमाराला रोज पाऊण अंशाच्या वरच चालतो, म्हणजे सूर्यापेक्षा थोडाच हळू, त्यामुळे सूर्याला त्याला ओलांडून जायला जीव नकोसा होतो. मंगळाचा अस्त म्हणून तीन-चार महिने चालतो. जून २०१५ मध्ये मंगळ असाच सूर्याच्या मागे गेला होता तेव्हा आपल्या मंगळयानाशी काही दिवस संपर्क बंद ठेवावा लागला होता, सूर्य मधे आला की रेडिओ सिग्नलही धड येत नाहीत.

आता तुमच्यासाठी होमवर्क. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात फोटो उघडा, डावीकडून गुरू आत येईल आणि साधारण तीन आठवड्यांनी उजवीकडे बाहेर पडेल. सांगलीच्या ताईंनाही लिंक पाठवा.

लंडनजवळून एक वाचक: आई रत्नागिरीला असते, तिने शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून फेब्रुवारीत बुध बघितला म्हणे, अगदी सहज. मी इथे सहा वर्षांत एकदाही बघितला नाही. आमचं आकाश खराब की माझे डोळे?

दोन्ही नाही, तुमची जागा वाकडी आहे. ग्रह ज्या वाटेने चालतात ते क्रांतिवृत्त रत्नागिरीला फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी क्षितिजावर जवळजवळ सरळ उभं असतं, नारळाच्या झाडासारखं. बुध सूर्यापासून अठरा अंश लांब असेल तर ते अठराच्या अठरा अंश त्याला उंचीचे मिळतात. सूर्य बुडाला, उजेड जरा कमी झाला, तरी बुध अजून वर आहे. १९ फेब्रुवारीला तो नेमका तेवढाच लांब होता, आईंनी बरोबर दिवस साधला. तुमच्याकडे तेच क्रांतिवृत्त वसंतात क्षितिजाशी साठेक अंशांचा कोन करून उभं, म्हणजे त्यातल्या त्यात बरं, पण सप्टेंबरच्या संध्याकाळी जेमतेम पंधरा अंशांचा कोन, अगदी आडवं पडलेलं. तेव्हा बुध सूर्यापासून पंचवीस अंश लांब असला तरी क्षितिजाला घासत जातो, आणि संधिप्रकाशही तुमच्याकडे संपता संपत नाही. बुधाचं दावंच आखूड, अठरा ते अठ्ठावीस अंश, त्यातही ११६ दिवसांत पूर्ण फेरा, म्हणजे बघायला मिळतात ते मोजके आठ-दहा दिवस. तुम्ही मार्च-एप्रिलची संध्याकाळ किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरची पहाट एवढंच धरा, बाकीच्या वेळी झोप मोडू नका.

तुमच्या बाजूने एक सांगतो म्हणजे हिशोब चुकता होईल. मार्च २०२५ मध्ये शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधून गेला तेव्हा तो सूर्याच्या आठ अंश उत्तरेकडून गेला. त्या दोन-चार दिवसांत तुमच्यासारख्या उत्तरेकडच्या देशांतून तोच शुक्र सूर्योदयाआधी पूर्वेला आणि त्याच दिवशी सूर्यास्तानंतर पश्चिमेला असा दोन्हीकडे दिसू शकत होता. आईंना विचारा, रत्नागिरीला तसं काही दिसलं का.

चंद्रपूरहून एक शिक्षिका: शाळेत दुर्बीण नाही आणि येण्याची शक्यताही नाही. सहावी-सातवीच्या मुलांकडून ग्रहांची चाल बघून घ्यायची आहे, काय करता येईल?

मॅडम, दुर्बीण नाही हे बरंच आहे, या कामाला ती लागतच नाही. लागते एक शंभर पानी वही आणि एक ठरलेली जागा.

माझं काय चुकलं ते आधी सांगतो म्हणजे मुलांचं चुकणार नाही. २०१६ च्या दिवाळीनंतर मी गच्चीच्या कठड्यावर खडूने एक फुली मारली, तिथेच उभं राहायचं असं ठरवून. वहीच्या आडव्या पानावर समोरचं सगळं काढलं, डावीकडे मोबाईलचा टॉवर, मग दोन पाण्याच्या टाक्या, मग एक नारळ, मग शेजारच्या सोसायटीचा जिना. दर रविवारी सात वाजता शुक्र कुठे दिसतो तिथे टिंब आणि तारीख. तीन-चार आठवड्यांत माझा शुक्र भलतीकडेच चालायला लागला, पुस्तकातल्या आकृतीशी काही जुळेना. मग एका रविवारी लक्षात आलं की सात वाजता हीच चूक आहे! मुंबईत नोव्हेंबर अखेरीला सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो आणि मार्चमध्ये पावणेसातला, म्हणजे मी घड्याळाच्या सात वाजता बघतोय पण सूर्य दर वेळी वेगळ्या खोलीवर. आपल्याला बघायचंय सूर्यापासूनचं अंतर, तेव्हा घड्याळ सूर्याचंच धरायला पाहिजे. मग पेपरातली सूर्यास्ताची वेळ बघून त्यात चाळीस मिनिटं मिळवायची आणि तेव्हाच टिंब द्यायचं असं सुरू केलं, आधीची पानं फाडून टाकली.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. जानेवारीभर टिंबं नारळाच्या पार वर, आठवड्याआठवड्याला सरकतायत की नाही अशी. फेब्रुवारीच्या मध्यापासून खाली यायला लागली आणि मग काय घाई, मार्चच्या दर रविवारी आधीच्या टिंबापासून वीतभर खाली. १९ मार्चला मी कठड्याशी दहा मिनिटं उभा होतो, पाण्याच्या टाकीच्या जवळपाससुद्धा काही नाही. वर चढायला त्याला सात महिने लागले होते आणि खाली यायला अडीच, हे पुस्तकात मी किती वेळा वाचलं असेल, पण ते वहीत टिंबांमधली अंतरं बघून कळलं.

ती वही पुढे कपाटात पडून होती. डिसेंबर २०२४ मध्ये काढली आणि त्याच पानावर, त्याच फुलीवर उभं राहून हिरव्या पेनाने टिंबं द्यायला सुरुवात केली. टॉवर उंच झालाय, एक टाकी गेली, नारळ आहे. हिरवी टिंबं निळ्या टिंबांवरच पडत गेली. गच्चीवरून दिसणारे शुक्राचे असे पाच फेरे, ५८४ दिवसांचे, बरोबर आठ वर्षांत बसतात, दोन-अडीच दिवसांचाच फरक. २०१७ मध्ये तो आपल्या आणि सूर्याच्या मधून गेला २५ मार्चला आणि २०२५ मध्ये २३ मार्चला. बायकोने वही बघितली आणि म्हणाली दोन रंगांनी एकच चित्र कशाला काढलंय.

मुलांना मोजायला हात पुरे. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की दहा अंश, करंगळी एक अंश, अंगठा आणि करंगळी ताणली की वीस-बावीस. मोठ्या माणसाचा हात लांब तशी मूठही मोठी, त्यामुळे सातवीतल्या पोरालाही हेच माप चालतं. फक्त सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय कोणी तिकडे बघायचं नाही, आणि कोणाच्या घरची बायनॉक्युलर असेल तर ती सूर्यास्ताआधी पिशवीतून बाहेरच काढायची नाही, यात सूट नाही.

मुरुड-जंजिऱ्याहून एक वाचक: हे सगळं कळायला तुम्हाला यानं आणि सॉफ्टवेअर लागतात. पूर्वीचे लोक काय करत होते?

तुमच्याच जवळ नांदगाव आहे ना, तिथल्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० साली, ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे समुद्राच्या कडेला राहून ग्रहांचे वेध घेणारे, गणिताने येणारी जागा आणि डोळ्यांना दिसणारी जागा यांत फरक पडतो हे बघून गणित दुरुस्त करणारे. पश्चिमेला मोकळं क्षितिज, मधे ना टॉवर ना टाकी. ग्रहलाघवावरून पुढे शेकडो वर्षं पंचांगं झाली. शं. बा. दीक्षितांनी १८९६ च्या त्यांच्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या बापलेकांबद्दल लिहिलंय, दीक्षितही कोकणातलेच, पण दुसऱ्या मुरुडचे, रत्नागिरीकडच्या. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर मी ते नंतर उघडतो, आधी गच्चीवर जातो.

पुण्याहून पोस्टकार्ड, सही वाचता येत नाही: शुक्र दिवसा दिसतो असं ऐकतो, खरं का?

खरं. सूर्यापासून चाळीसेक अंश लांब असेल आणि हवा धुतलेली असेल तर दिसतो. स्वतः इमारतीच्या सावलीत उभं राहून सूर्य पूर्ण आड करायचा आणि मगच शोधायचा. एकदा सापडला की वाटतं इतका वेळ दिसत कसा नव्हता, नजर काढली की परत गेला.

जागा उरली म्हणून: ९ जूनला संध्याकाळी शुक्र आणि गुरू पश्चिमेला दीड-पावणेदोन अंशांवर येतायत, दीडदोन करंगळ्या धरा. सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने बघा, साडेनऊच्या सुमाराला दोघं खाली जातात. त्यांच्या बरंच खाली, सूर्याच्या बाजूला, मोकळं क्षितिज असेल तर बुधही मिळेल, तो १५ जूनला सूर्यापासून साडेचोवीस अंशांवर म्हणजे त्याच्या मानाने भरपूर लांब आहे. शुक्र सूर्यापासून पळतोय, गुरूला सूर्य गाठायला येतोय, आणि दोघं एकाच जागी भेटतायत. ८ तारखेपर्यंत शुक्र खाली आणि गुरू वर, ९ नंतर शुक्र वर. मान्सून वेळेवर आला तर कोकणात ढगच असतील, देशावरच्या लोकांनी बघून घ्या. ९ ला ढग असले तर १० ला चालेल, शुक्र तेवढा करंगळीभर पुढे सरकलेला दिसेल.